बसंतरच्या देखाव्यातील सेंच्युरियन रणगाडा: माती आणि रंग

प्रश्न (रत्नागिरी): सप्रेम नमस्कार. येथील छोट्या संग्रहालयासाठी मी १९७१ च्या बसंतरच्या लढाईतील सेंच्युरियन रणगाड्याची १:३५ प्रमाणातील प्रतिकृती बांधत आहे. मात्र पावसाळी हवेत फवारलेल्या लॅकरवर पांढुरकी झाक येते. शिवाय, जमिनीसाठी भाट्याच्या किनाऱ्यावरील वाळू चालेल का?

उत्तर (मालवण): वाळू कृपया वापरू नका. तिचा एक मिलिमीटरचा कण या प्रमाणात साडेतीन सेंटिमीटरचा खडा दिसतो, आणि त्यातील मीठ दमट हवेत ओलावा ओढून घेते. जांभ्याची तांबडी पूडही नको, कारण ही लढाई झाली तो शकरगढचा प्रदेश गाळाच्या मातीचा आहे. नदीकाठची माती वाळवून चहाच्या गाळणीतून दोनदा चाळून घ्यावी.

उत्तर (अलिबाग): द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो व त्यावर बाष्प साचते, म्हणून ती झाक येते. उघडीप मिळेपर्यंत थांबा किंवा सावकाश सुकणारे थिनर वापरा. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी १६ डिसेंबरला पेटलेला आपला 'फामागुस्ता' नावाचा रणगाडा सोडण्यास नकार दिला होता. तोच रणगाडा दाखवणार असाल, तर काजळी अगदी हलक्या हाताने द्या.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. होय, 'फामागुस्ता'च आहे. माती आजच वाळत घातली.