मदत हवी आहे: डिस्कचा वापर सतत १०० टक्के, क्लोन (डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर) करू की विंडोज नव्याने टाकू?

घरचा डेस्कटॉप २०१७ चा आहे. आय३-६१००, ४ जीबी डीडीआर४ रॅम (एक स्लॉट रिकामा), १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू केल्यावर दहा मिनिटं तरी हात लावायची सोय नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १५-२० टक्क्यांवर निवांत असतो आणि डिस्क मात्र १०० वर अडकलेली.

स्टार्टअपमधलं अनावश्यक सगळं बंद केलं, टेम्प फाइल्स उडवल्या, डिफेंडरचा पूर्ण स्कॅन केला (काही सापडलं नाही), सीपीयूवरची धूळही काढली. सी ड्राइव्हवर ६० जीबी मोकळी आहे. तरी फरक शून्य. शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून पाहिलं, तर पिवळा 'कॉशन' म्हणजे धोक्याचा इशारा आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कला नीट वाचता न येणारे, खराब असल्याचा संशय असलेले भाग) दिसले. म्हणजे दुखणं बहुधा इथेच आहे. फोटो आणि कागदपत्रं लगेच बाहेरच्या डिस्कवर घेतली.

२५६ जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, जुन्या हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची) घ्यायचं ठरवलंय, कारण थेट बोर्डावर बसणाऱ्या एसएसडीसाठी लागणारा एम.२ स्लॉट यात नाही. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, आणि नवीन पीसी सध्या नको. अडचण बाबांच्या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरची: सीडी हरवलीय आणि वीस वर्षांच्या फाइल्स युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर मराठी वाचता येते ती आजची पद्धत) नाहीत, म्हणून त्या उघडायला तेच सॉफ्टवेअर लागतं. विंडोज नव्याने टाकलं तर ते परत बसवता येणार नाही. 'फॉरमॅट मारा' हा सल्ला म्हणूनच चालत नाही.

खराब सेक्टर असलेल्या डिस्कचा क्लोन नीट होतो का, आणि त्यासाठी कोणतं मोफत साधन तुम्ही स्वतः वापरलंय?