स्किझोफ्रेनियातील मेंदूच्या चित्रणावर कितपत विसंबावे?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ):
धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा मानसिक आजार) असल्याचे निदान झाले असून गोळ्या सुरू आहेत. या आजारात मेंदू आकसतो, असे वाचल्यापासून वडील म्हणतात की सोयाबीन विकले की एमआरआय करून घेऊ, म्हणजे आजार खरा की नाही ते एकदाचे कळेल. तसे कळते का?

उत्तर (निवृत्त प्राध्यापिका, अमरावती):
नाही, भाऊ. हे निदान लक्षणे आणि त्यांचा कालावधी पाहूनच होते. 1976 साली जॉनस्टोन या संशोधक डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या मोठ्या झाल्याचे दाखवले, तेव्हा त्यांच्याकडे अवघे 17 रुग्ण होते. पुढे 2016 मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने 2028 रुग्ण आणि 2540 निरोगी व्यक्तींची चित्रे एकत्र तपासली, तेव्हा रुग्णांचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) सरासरीने लहान निघाला. हा फरक खरा आहे, परंतु तो गटाचा आहे. कित्येक रुग्णांचा हिप्पोकॅम्पस निरोगी माणसाइतकाच असतो. तालुक्याच्या सरासरी पावसावरून आपल्या वावरात किती पडला हे ठरत नाही, तसेच हे आहे.

उत्तर (मानसिक आरोग्य कार्यकर्ता, वर्धा जिल्हा):
ताईंच्या मुद्द्याला जोडून सांगतो. आकसण्यातला किती भाग आजाराचा आणि किती औषधाचा, हे अजून सुटे करता आलेले नाही. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी माकडांना हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापीन ही याच आजारावरची औषधे दीर्घकाळ दिल्यावर त्यांच्या मेंदूचे वजन 8 ते 11 टक्के कमी भरले. माणसांत मात्र ज्याचा आजार तीव्र, त्यालाच सहसा जास्त औषध मिळते, त्यामुळे दोन्ही कारणे एकमेकांत गुंततात. शिवाय यंत्रात डोके किंचित हलले तरी मेंदूचा राखाडी थर चित्रात पातळ दिसतो, आणि अस्वस्थ रुग्णाला त्या खडखडाटात निश्चल पडून राहणे किती कठीण जाते, हे मी जवळून पाहिले आहे. तरीही हे वाचून गोळ्या परस्पर बंद करू नका. त्या थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका मोठा असतो.

प्रश्नकर्ता:
मग डॉक्टर एमआरआय सांगतात तरी कशासाठी?

उत्तर (निवृत्त प्राध्यापिका, अमरावती):
फिट येणे, डोक्याला मार लागणे किंवा हातापायातली ताकद जाणे अशी चिन्हे असतील, तर गाठ किंवा मेंदूतील जंतांच्या पुटी नाहीत ना, हे पाहण्यासाठी. भावाला यांपैकी काही झाले होते का, ते पुढच्या तारखेला डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्याआधी काही विचारायचे असल्यास टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.