मदत हवी आहे: गेम कंट्रोलरला टच रेझिस्टिव्ह (दाबावर चालणारा) ठेवू की कपॅसिटिव्ह (मोबाईलसारखा, नुसत्या स्पर्शावर चालणारा) घेऊ?

मी सांगलीचा, घरीच ईएसपी३२ ह्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर गेम कंट्रोलर बनवतोय, दोन्ही बाजूला जॉयस्टिक, बटणं आणि मधे २.८ इंची टचस्क्रीन, मॅप आणि इन्व्हेंटरीसाठी. पीसीला ब्लूटूथनं जोडलाय, बाकी सगळं झकास चालतंय, घोडं अडलंय ते टचपाशी.

आत्ता एक्सपीटी२०४६ ह्या टच-चिपवाला रेझिस्टिव्ह पॅनल आहे. कॅलिब्रेशन दोनदा केलं, रीडिंगची सरासरी घेऊन बघितली, प्रेशरचा थ्रेशोल्ड (किती दाबाला टच धरायचा ती मर्यादा) कमी केला तर हलका स्पर्श कळायला लागला पण मग न शिवताच भलतीकडे टच पडायला लागले. आणि दोन बोटं ठेवली की मधलाच कुठलातरी पॉइंट येतो, फोर-वायरमध्ये (चार तारांच्या रेझिस्टिव्ह पॅनलमध्ये) ते होणारच म्हणा. निन्टेन्डो डीएसलापण रेझिस्टिव्हच होता हे माहितीये, पण त्याला स्टायलस होता, मला अंगठ्यानं खेळायचंय.

कपॅसिटिव्हमध्ये एफटी६२३६ नाहीतर जीटी९११ ही टच-चिप बघतोय, पहिल्यात दोन टच, दुसऱ्यात पाच, मला दोन बास आहेत. दोन्ही आयटूसीवर (दोनच तारांच्या जोडणीवर), म्हणजे पिनापण वाचतील. भीती घामाची, एप्रिल-मेमध्ये इथं नुसतं बसलं तरी तळहात ओले होतात. शिवाय वरून २ मिमी ॲक्रेलिक लावायचंय.

बॉडी प्रिंट झालीये त्यामुळं साइज बदलता येणार नाही, बजेट दीड हजार. मोबाईल लाव म्हणू नका, तेवढं वजन नकोय.

तर घामट हातांनी आणि २ मिमी ॲक्रेलिकखालून ह्यातली कुठली चिप नीट चालते, कोणी स्वतः वापरलीये का?