विषय: रत्नागिरीत खोली हवी, १६ तारखेच्या आत

शुभदा, रवि. ८ जून २०२५

मंडळी, घाईत लिहितेय. आमच्या दादाच्या सायलीला रत्नागिरीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली. १६ला हजर व्हायचंय, पगार हातात १३ हजार. सकाळी साडेसहाला सॅम्पलं घ्यायला उभं राहावं लागतं आणि दादाचं घर लांज्याच्या पार आत. वस्तीची एसटी सकाळी सुटून पोचेपर्यंत निम्मी लॅब उरकलेली असते, तेव्हा जाऊन-येऊन करणं शक्य नाही. एजंट एका महिन्याचं भाडं मागतोय, मालक वीस हजार डिपॉझिट. दादाने आगोटीला कौलं परतली, त्यात सगळे गेले. माझ्याकडून घ्यायला ही बाई तयार नाही. मिलिंद, तुझा रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातला ब्लॉक बंदच आहे ना?

मिलिंद, रवि. ८ जून

शुभदाताई, बंदच आहे. मागच्या खेपेला उघडला तेव्हा कपाटातल्या लग्नाच्या कोटावर हिरवी बुरशी. मुलगी राहिली तर बरंच होईल. ३५०० भाडं, डिपॉझिट दहा, तेही दोन-तीनदा करून दिलं तरी चालेल. मेंटेनन्स माझ्याकडे. करार मात्र अकरा महिन्यांचा, रजिस्टर केलेला. मागे तोंडी दिला होता, त्याची कथा सगळ्यांना पाठ आहे.

जयंत, सोम. ९ जून

मिलिंद, करार नोंदवणं ही तुझी हौस नाही, जबाबदारी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणी मालकाने करायची. नाही केली आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. मागे तुझं तेच झालं.

आता खरी गोम. तू अनिवासी, म्हणजे परदेशात राहणारा. अनिवासी मालकाला भाडं देणाऱ्याने टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच आधी आयकर, कापायचा असतो. दर ३० टक्के आणि वर सेस, मिळून ३१.२. म्हणजे सायलीने ३५०० मधून १०९२ सरकारात भरायचे, २४०८ तुझ्या एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या बँक खात्यात. त्यासाठी तिने टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढायचा आणि दर तिमाहीला टीडीएसचं विवरणपत्र भरायचं.

सुहासिनीकाकू, सोम. ९ जून

साडेतीन हजारांवर कसला कर रे जयंता? पोरीला आधी जेवू दे.

प्रसाद, सोम. ९ जून

जयंतदादा, महिना ५० हजारांच्या आत भाडं असेल तर टीडीएस नाही, असं मी वाचलंय. मुंबईत आम्ही चौघं मिळून ३८ देत होतो, कधी कापला नाही.

जयंत, सोम. ९ जून

> महिना ५० हजारांच्या आत

प्रसाद, तुमचा मालक मुंबईतच राहत होता. ती मर्यादा निवासी मालकासाठी. अनिवासी मालकाच्या भाड्याला खालची मर्यादाच नाही, पाचशे रुपये भाडं असलं तरी लागू. मिलिंदचं भारतातलं बाकी उत्पन्न फारसं नसेल, तर रिटर्न भरून कापलेले पैसे परत मिळतील. किंवा आधीच आयकर खात्याकडे अर्ज करून कमी दराचं सर्टिफिकेट आणता येईल. पण ते हातात पडेपर्यंत गणपती येतील.

सचिव, सोम. ९ जून

सर्वांना नम्र विनंती: ही मेलची यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. घर, जागा, नोकरी यांसाठी वेगळी यादी केलेली आहे. आषाढीच्या भजनाला हॉलचं डिपॉझिट अजून तिघांकडूनच आलंय.

सुहासिनीकाकू, सोम. ९ जून

त्या वेगळ्या यादीवर कोण असतं हो? एकटे तुम्ही. चिरंजीवांची जुनी गाडी विकायची होती तेव्हा मेल इथेच आली होती, फोटोंसकट.

मिलिंद, मंगळ. १० जून

जयंत, एक शंका. भाडं घेतलंच नाही तर? सायलीने फक्त सोसायटीचा मेंटेनन्स आणि वीजबिल भरायचं.

जयंत, मंगळ. १० जून

वीजबिल ती वापरते, ते तिचं. मेंटेनन्स तुझं देणं, तिने भरला की खात्याच्या नजरेत ते भाडंच. आणि सोसायटीला काय सांगणार? नातेवाईक म्हणशील तर त्यांची कमिटी तुझ्या अख्ख्या खानदानाला ओळखते. भाडेकरू म्हटलं की मालक स्वतः राहत नाही म्हणून नॉन-ऑक्युपन्सी शुल्क लावतील. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, तेवढं मात्र ठणकावून सांग.

प्रसाद, मंगळ. १० जून

नोंदणी फी किती पडते? हजार ना?

मिलिंद, मंगळ. १० जून

हजार शहरात. नाचणे ग्रामपंचायतीत आहे, तिथे पाचशे. स्टॅम्प ड्यूटी पाव टक्का, म्हणजे शंभराच्या घरात.

सुहासिनीकाकू, मंगळ. १० जून

नाचणे शहरात नाही म्हणजे काय? मारुती मंदिराहून हाकेच्या अंतरावर आहे.

मिलिंद, मंगळ. १० जून

काकू, अंतराने ग्रामपंचायत बदलत नाही. घरपट्टीची पावती पाठवू का?

नाना, मंगळ. १० जून

तुमचं हे सेक्शन-बिक्शन वाचून हसू आलं. आमचे वडील गुहागरहून मुंबईला गेले ते थेट गावाच्या खोलीवर. ही मंडळी विसरली असतील म्हणून सांगतो. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत कोकणातल्या गावागावांच्या खोल्या होत्या. खोली गावाची, भाडं गावकी वर्गणीतून भरी. नोकरी लागेपर्यंत पोराकडून छदाम घेत नसत. एका खोलीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस गडी. रात्रपाळीवाला उठला की त्याच्याच वळकटीवर दिवसपाळीवाला आडवा. प्रत्येकाला भिंतीला एक खुंटी आणि एक ट्रंक, एवढाच संसार. जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशेब पगाराच्या दिवशी. उरेल त्याची मनीऑर्डर. वडिलांनी त्या खोलीवर सात माणसं नोकरीला लावली आणि मगच आईला मुंबईला आणली. तेव्हा कोणी टॅन मागितला नाही.

आज आपल्या यादीवर रत्नागिरी जिल्ह्यात बंद घर असलेले किती निघतील? आणि एका मुलीला खोली मिळेना. मला तर वाटतं मंडळानेच रत्नागिरीत एक खोली घ्यावी.

सचिव, बुध. ११ जून

नाना, मंडळाने खोली घ्यायची तर घटना बदलावी लागेल. वार्षिक सभेत मांडा. हॉलचं डिपॉझिट अजून यायचंय.

प्रसाद, बुध. ११ जून

नाना, त्या खोल्यांवर बायका राहायच्या का?

नाना, बुध. ११ जून

नाही. बायकांनी शेती बघायची. ते बरं होतं असं माझं म्हणणं नाही.

सुहासिनीकाकू, बुध. ११ जून

शुभदा, तिची मावशी आहे ना परटवण्यात? मग खोली कशाला? एकटीदुकटी पोर, पावसाळ्याचे दिवस, दोन-दोन दिवस लाइट नसते.

शुभदा, बुध. ११ जून

हे सगळं मी सायलीला पाठवलं. तिचं उत्तर जसंच्या तसं देते:

"आत्या, टॅन-बिन मी शिकेन, त्यात काय. पण मिलिंदकाकांच्या हातात २४०८च पडणार. ते तोंडाने काही बोलणार नाहीत, पण मनात राहील. आणि मावशीकडे नको. ती प्रेमळ आहे, पण बंटीचा अभ्यास, देवपूजेची फुलं, काकांचा चहा हे सगळं आठवडाभरात माझ्याकडे येणार आणि वर तीच म्हणणार, ह्या पोरीला पैसे नाही मागितले हो आम्ही. मला भाडं देऊन राहायचंय. खोली कशीही चालेल, कुलूप माझं हवं."

मी हिशेबही विचारला. भाडं तीन हजारांपर्यंत झेपेल म्हणाली. उकडे तांदूळ, कुळीथ, कोकमं, पापड दादाकडून येणार, त्याची बेगमी झालेली आहे. पत्त्याचा पुरावा नसल्यामुळे मोठा सिलिंडर मिळणार नाही, तर पाच किलोचा छोटू घेणार, ओळखपत्रावर मिळतो. शनिवारी घरी जायला एसटीचं अर्धं तिकीट. दोन हजार बाजूला पडले पाहिजेत, हा तिचा हट्ट. मला आवडला. फक्त त्या दोन हजारांतलं पहिलं काय घेणार विचारलं तर म्हणाली, छत्री.

तात्या, बुध. ११ जून

यादीवर मी अजून आहे हे बहुतेक विसरलात. मार्चमध्ये कायमचा परत आलो, रत्नागिरीजवळ कुवारबावला घरी आहे. पडवीच्या टोकाला एक खोली आहे. पूर्वी गडी राहायचा. दार रस्त्याच्या बाजूला, वेगळं. मोरी आत, संडास मागच्या अंगणात, पण दिवा आहे. भाडं २५००, डिपॉझिट पाच हजार, दोन हप्त्यांत. दाराच्या वर थोडं गळतं, पत्रा मारून देतो. जयंता, मी निवासी की अनिवासी ते आधी सांग, म्हणजे पुढे बोलतो.

जयंत, बुध. ११ जून

तात्या, एप्रिलपासून तुम्ही तिथेच आहात ना? या आर्थिक वर्षात १८२ दिवस भरले की निवासी. मध्ये मुलीकडे अमेरिकेला सहा महिने जाऊ नका म्हणजे झालं. निवासी मालक, अडीच हजार भाडं, सायलीने काही कापायचं नाही. कुवारबावही ग्रामपंचायतीतच, नोंदणीला पाचशे.

सुहासिनीकाकू, बुध. ११ जून

तात्या, मुलगी मासे खाते हो.

तात्या, गुरु. १२ जून

खाऊ दे. मीही खातो, फक्त हिला वास चालत नाही. पडवीत साफ करायचे नाहीत, मांजरं गोळा होतात. मागच्या दगडावर करावेत. फाटक नऊला लावतो.

शुभदा, शनि. १४ जून

सायली आणि दादा आज खोली बघून आले. तिने दोन मुद्दे काढले. फाटकाची एक चावी तिच्याकडे हवी, कारण लॅबमध्ये महिन्यातून दोनदा संध्याकाळची पाळी आहे. आणि विजेला सबमीटर लावायचा, अंदाजे पैसे द्यायचे नाहीत. तात्या म्हणाले, माझ्या मुलीने एवढी घासाघीस केली असती तर ती आज माझ्याच दुकानात असती. चावी दिली. करार सोमवारी, ती हजर होऊन आली की संध्याकाळी. डिपॉझिटचा पहिला हप्ता दादाने आंबापोळीच्या पैशातून दिलाय, तो ती ऑगस्टपर्यंत फेडणार, लिहून दिलंय म्हणे.

कोणाच्या बंद घरात तीन लिटरचा कुकर पडून असेल तर कळवा.

नाना, शनि. १४ जून

कुकर आमच्या गुहागरच्या घरी आहे, पण तो आणणार कोण?

मिलिंद, रवि. १५ जून

कुकर माझ्या ब्लॉकमध्येही आहे, घेऊन जाऊ दे. चावी वॉचमनकडे. शुभदाताई, एक विचारू? कुवारबावहून नाचणे फार लांब नाही. पंधरा दिवसांतून एकदा जाऊन खिडक्या उघडेल का ती? कोट तरी वाचेल.

शुभदा, रवि. १५ जून

विचारलं. खेपेला दीडशे आणि रिक्षाचे वेगळे. मिलिंदकाकांनी दिले तर टीडीएस कोणी कापायचा, तेही विचारतेय.

जयंत, रवि. १५ जून

कोणी नाही.