मदत हवी आहे : टेरियर इंजिनांचे पंप कधी काढले गेले?

विल्यम स्ट्राउडली यांनी लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेसाठी आखलेल्या ए१ वर्गाच्या, म्हणजेच ‘टेरियर’ टँक इंजिनांविषयी (पाण्याच्या टाक्या इंजिनावरच असलेल्या वाफेच्या रेल्वे इंजिनांविषयी) जाणकारांची मदत हवी आहे. १८७२ ते १८८० या काळात ब्रायटनच्या कारखान्यात अशी ५० इंजिने बांधली गेली. वापरून झालेली वाफ काही प्रमाणात बाजूच्या टाक्यांकडे वळवून त्यांतले पाणी तापवले जाई. परंतु गरम पाण्यावर इंजेक्टर (वाफेच्या झोताने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे उपकरण) नीट चालत नसल्यामुळे स्ट्राउडली यांनी बॉयलरला पाणी पुरवण्यासाठी पंप बसवले होते. १९११ पासून, या रेल्वेचे तेव्हाचे इंजिन-प्रमुख मार्श यांच्या कारकिर्दीत, काही इंजिनांना नवे बॉयलर मिळाले, धूरपेटी (बॉयलरच्या पुढचा, धुराड्याखालचा भाग) लांबली आणि पुढच्या चाकांवरील वाळूच्या पेट्या खाली गेल्या. हाच ए१एक्स वर्ग.

पंप काढून इंजेक्टर बसवण्याचे काम याच पुनर्बांधणीत झाले, की त्याआधीच? ब्लूबेल या वारसा रेल्वेवरील ‘स्टेपनी’ (ए१एक्स) आणि यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयातील ‘बॉक्सहिल’ (मूळ ए१) या इंजिनांची छायाचित्रे शेजारी ठेवल्यास धूरपेटीतला फरक चटकन दिसतो. नळ्यांवरून मात्र काहीच ठरवता येत नाही. १९११ पूर्वीची, बाजूने घेतलेली स्पष्ट छायाचित्रे किंवा कारखान्याच्या नोंदी कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.