लिनक्ससाठी लेझर प्रिंटर : आधी खोकं वाचा
लिनक्सवर कोणत्या कंपनीचा लेझर प्रिंटर नीट चालेल, असं विचारलंय. कंपनी नंतर बघा, आधी खोक्यावर ‘एअरप्रिंट’ किंवा ‘मोप्रिया’ लिहिलंय का ते बघा. असा प्रिंटर आयपीपीवर (छपाईच्या एका प्रमाणित पद्धतीवर) चालतो, कप्सला, म्हणजे लिनक्सच्या छपाई यंत्रणेला, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीत 11 व्या आवृत्तीपासून ‘आयपीपी-यूएसबी’ पॅकेजमुळे यूएसबीवरही ही सोय आहे, प्रिंटरने साथ दिली तर.

स्वस्तात मिळतो म्हणून एचपीचा जुना लेझरजेट 1020 सुचवला गेलाय. कृपया नका घेऊ. मशीन दणकट आहे, टोनरही कुठेही भरून मिळतो, मान्य. पण त्याच्यात फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, साठवलेलंच नसतं. दर वेळी प्रिंटर चालू केला की संगणकाने ते पाठवायचं. एचपीलिप (एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) वापरलं तर त्यासाठी बंदिस्त, म्हणजे कोड खुला नसलेलं, प्लगइन लागतं, आणि एचपीलिपची आवृत्ती बदलली की तेही नव्याने उतरवावं लागतं. उद्या पेपर आणि आज हॉलतिकीट छापायचंय, अशा वेळी ही कटकट कुणालाच नको.

जुनाच हवा असेल तर पोस्टस्क्रिप्ट (पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी प्रमाणित भाषा) आणि नेटवर्क पोर्ट असलेला ऑफिसातला घ्या. लॅपटॉप सोबत न्या, मराठी पीडीएफचं एक पान छापा, जोडाक्षरं नीट उमटली तरच पैसे द्या.