मदत हवी आहे: जुन्या घराचं सिमेंट प्लास्टर काढून विटा मोकळ्या करायच्यात

नमस्कार मंडळी, यूकेत जुन्या घरात राहणाऱ्या कोणी हे केलंय का? आमचं लेस्टरचं टेरेस्ड (ओळीत शेजारच्या घरांना चिकटलेलं) घर व्हिक्टोरियन काळातलं, भरीव नऊ इंची भिंत, मधे पोकळी नाही आणि समोरून कोणीतरी पेबलडॅश (बारीक खडे लावलेलं सिमेंट प्लास्टर) मारून ठेवलंय, दिसायला भयंकर! शेजाऱ्यांच्या लाल विटा अजून उघड्या आहेत, त्या बघून हाव सुटलीये. शिवाय आत ओल येते, सिमेंटला चिरा गेल्यात त्यातून पाणी शिरतं आणि मग त्याला बाहेर पडायला वाटच नाही.

भीती एकच, प्लास्टर काढताना विटेचा भाजलेला वरचा थर पण सोबत निघाला तर? आतली वीट मऊ असते, पाणी पिते. एक बिल्डर म्हणतो सँडब्लास्टिंग (जोरात वाळू मारून साफ करणं) करू, ते तर नकोच, त्यानेही तोच थर जातो. दुसरा म्हणतो आधी छोटा तुकडा छिन्नीने काढून बघू, हे पटतंय, पण तुकडा कुठला घ्यावा, पायाजवळ की खिडकीखाली? आणि विटा खराब निघाल्या तर परत चुन्याचा गिलावाच करायचा ना? विटांमधल्या दरजा (सांधे) चुन्यात भरणारा कारागीर मिडलँड्समध्ये कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, सिमेंटवाले खूप भेटलेत.